पांढरं दाखवा

परवा त्यांच्या मुलानं वरची खोली पीच रंगात रंगवून घेतली. पीच! डबा जिन्यावरून वर जात होता तेव्हा मी खाली अंगणात उभी होते. झाकणावरचा रंग बघितला आणि डोक्यात तिडीक गेली. भाडेकरूनं मालकाच्या भिंतींबद्दल बोलू नये एवढं मला कळतं, म्हणून गप्प बसले. पण दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांवर विनाकारण ओरडले.

ज्यांची ती खोली, ते माझे घरमालक, गेल्या वर्षी गेले. तळेगाव स्टेशनच्या बाजूला त्यांचं दोन मजली घर. खाली मी, वर ते. अठरा वर्षं. सगळी आळी त्यांना चाचा म्हणायची, तशी मीही म्हणायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणायचे. लोणावळ्यात त्यांनी आयुष्यभर फोटोचा धंदा केला. मोबाइल आल्यावर दुकान बंद केलं, इथं येऊन राहिले आणि म्हातारपणी एक स्कॅनर घेऊन घरातच बसले. लोकांच्या माळ्यावरची, ट्रंकेतली जुनी निगेटिव्ह ते स्कॅन करायचे आणि त्यांचे उतरलेले रंग जागेवर आणून द्यायचे. मुलगा पिंपरीला. त्याला वाटायचं, वडिलांचा वेळ बरा जातो.

वेळ कसला जातो! माणूस एका फोटोपायी चार चार दिवस जेवण विसरायचा.

ती खोली त्यांनी करडी करून घेतली होती. नुसता करडा, ज्याच्यात निळ्याचा किंवा पिवळ्याचा लवलेशसुद्धा नाही असा. भिंती करड्या, छत करडं, दाराची आतली बाजूही करडी. रंगारी वडगावकडचा होता. एक हात मारून झाल्यावर तो खाली उतरला आणि म्हणाला, "चाचा, प्रायमर झाला. आता कलर कंचा मारू?"

"हाच."

"आवो, ह्यो प्रायमर दिसतोय निस्ता. घराला कळा न्हाई ऱ्हायची."

"मग दुसरा हात मार. दोन हातांची अवकळा येऊ दे."

रंगारी माझ्याकडं बघून मान हलवत वर गेला. आळीत बरेच दिवस बोलणं होतं की चाचांचे पैसे संपले म्हणून रंग अर्धवट राहिलाय.

कारण साधं होतं, पण सांगायची पद्धत उर्मट. खोलीत कुठलाही रंग असला की तो डोळ्यात जातो आणि समोरच्या स्क्रीनवरचा रंग चुकीचा दिसतो, एवढंच. हे मला कळलं ते माझ्या पडद्यांमुळं. मी खिडक्यांना छान हळदी रंगाचे पडदे शिवून आणले होते. दुपारी चाचा जिन्यावरून ओरडले, "बाई, तुमचा पडदा माझ्या नवरीच्या गालावर पडलाय!"

मी बाहेर आले. "कुठली नवरी?"

"सोमाटण्याची. तिचं लग्न लागून चाळीस वर्षं झाली, तिला आता कशाला हळद लावता?"

म्हणजे ऊन माझ्या पडद्यावर पडायचं, तिथून समोरच्या भिंतीवर आणि भिंतीवरून वरच्या खिडकीत. मी म्हटलं, घर तुमचं असलं तरी पडदे माझे आहेत. ते म्हणाले, पडदे तुमचे असले तरी ऊन सगळ्यांचं आहे. आठ दिवस भांडलो. शेवटी मी पडदे उलटे लावले, अस्तराची पांढरी बाजू बाहेर. तेव्हाही ते काय म्हणाले? "हे पांढरं नाही. नीळ घातलीय." मी दार आपटलं.

नीळ हे त्यांच्या रागाचं कायमचं ठिकाण. जुन्या निगेटिव्हमधले रंग सारखे उतरत नाहीत. एक लवकर जातो, एक उशिरा. स्कॅन केलं की कधी सगळं हिरवट येतं, कधी जांभळट. अशा वेळी फोटोत खरोखर पांढरी असलेली एखादी वस्तू शोधायची. ती स्क्रीनवर पांढरी दिसेपर्यंत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची रेघ खालीवर वाकवायची. पांढरं जागेवर आलं की बाकीचे रंग त्याच्यामागून आपापल्या जागी जातात. म्हणून आलेल्या प्रत्येक माणसाला ते आधी विचारायचे, "पांढरं दाखवा." नमस्कार नाही, बसा नाही. निगेटिव्ह उजेडाला धरायचं आणि विचारायचं, "यात पांढरं काय होतं?"

लोक भाबडेपणानं नवरदेवाच्या शर्टावर बोट ठेवायचे. चाचा भडकायचे. "या शर्टाला नीळ नव्हती? तुमच्या घरात तेव्हा नीळ न घालता कपडे धुवायचे?" नव्हते धुवत. सदऱ्याला नीळ, धोतराला नीळ, भिंतीच्या चुन्यातसुद्धा नीळ. सुरुवातीला त्यांनीही हीच चूक केली होती. एका लग्नाच्या फोटोत सगळ्यांचे सदरे पांढरेशुभ्र करून घेतले आणि सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं पिवळं पडलं. निळसर कापडाला पांढरं मानलं की तेवढा निळा सगळ्यांच्या चेहऱ्यांतून काढला जातो. "आपल्या लोकांचं पांढरं खोटं आहे, बाई," ते मला म्हणाले होते. "उजळ दिसायच्या नादात सगळ्यांनी निळं करून ठेवलंय."

म्हणून त्यांनी दुसरी रीत काढली. पांढरं भरवशाचं नसेल तर फोटोतली खरी वस्तू घेऊन या. शालू, अंगरखा, पाळण्यावरची गोधडी, काहीही. ती वस्तू ते खिडकीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरायचे आणि स्क्रीनवरचा रंग तिच्याशी जुळेपर्यंत उठायचे नाहीत. वस्तू नाही आणली तर रंगही नाही. फोटो काळापांढरा करून परत.

हळद लागली म्हणाले ती सोमाटण्याची नवरी, म्हणजे आता साठी उलटलेली मावशी, नवऱ्याला घेऊन आली होती. "शालू हिरवा व्हता," ती म्हणाली. "निळा व्हता," नवरा म्हणाला, "मी काय आंधळा व्हतो का तवा?" दोघं त्या करड्या खोलीत हमरीतुमरीवर आले. चाचांनी दोघांना घरी पाठवलं. चार दिवसांनी मावशी धोतराच्या फडक्यात बांधलेला शालू घेऊन आली. गाठ सोडली तर आत डाळिंबी. मावशी पदर तोंडाला लावून इतकी हसली की मी खालून वर गेले. हिरवा शालू तिच्या जावेचा होता. चाचा मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "बघा. माणसं साक्षीला उभी केली असती तर मी हिरवा करून दिला असता."

स्कॅनरच्या पुढच्या बाजूला एक बटण होतं. ते दाबलं की यंत्र आपल्या मनानंच सगळे रंग ठरवून मोकळं व्हायचं. त्या बटणावर त्यांनी जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली होती. उर्शाच्या टोलनाक्यावर कामाला असलेला एक गृहस्थ एकदा म्हणाला, "चाचा, एवढं कशाला करता? मोबाइलमध्ये एका बोटात होतं." त्यानं आपल्या वारलेल्या वडिलांचा फोटो दाखवला. मोबाइलनं त्यांना नवे दात दिले होते, सुरकुत्या पुसल्या होत्या, कातडी दुधासारखी केली होती. चाचांनी बराच वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोण?" गृहस्थाला राग आला. यायलाच हवा होता. पण तो चाचांचा आला, मोबाइलचा नाही आला, याचा मला अजून राग आहे.

आणि एक नियम होता, त्याला अपवाद नव्हता. फोटोतल्या माणसाला हात लावायचा नाही. एक बाई मुलीचा लहानपणीचा फोटो घेऊन आल्या. स्थळं बघणं चालू होतं. "जरा उजळ करून द्या."

"उजळ करतो. गोरी करणार नाही."

"त्यात फरक काय?"

"उजळ केला की तिच्या मागची भिंतही उजळते. गोरी करायची म्हटलं तर एकट्या तिलाच उजळावं लागतं. मग तो तिचा फोटो राहत नाही."

बाई पाय आपटत गेल्या. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि मनातून टाळ्या वाजवत होते. त्याला कारण होतं.

मला एकोणिसाव्या वर्षी उजव्या मनगटावर कोड उठलं. आधी तुरीच्या डाळीएवढं, मग रुपयाएवढं, मग कोपरापर्यंत. दोन स्थळं ठरत आलेली मोडली. तिसऱ्यांदा दाखवायला मी बसलेच नाही. माझं लग्न झालं नाही, त्याचं दुःख मला लोकांना वाटतं तेवढं नाही. दुःख आहे ते एका वाक्याचं. माझी आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरात कुनालाच न्हाई बगा. हिलाच कुटनं आलं कुनाला ठावं." वडील, म्हणजे आबा, तिथंच बसलेले असायचे. मान खाली घालून तंबाखू मळायचे. मला वाटायचं, मी या घराला लागलेला डाग आहे. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही, मी एकटीच. तेव्हापासून मे महिन्यातसुद्धा मी मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालते. घालत होते.

आई मी तीन वर्षांची असताना गेली. धाकटा भाऊ वर्षाचा. आबा रेल्वेत होते, आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आई मला आठवत नाही. घरात तिचा एकच फोटो, भिंतीवर, मी तिच्या कडेवर. त्यात तिचा चेहरा पावडर फासल्यासारखा सपाट आणि गळा त्याहून सपाट. लहानपणी मी तो फोटो खूप वेळ बघत बसायचे, पण त्यातल्या बाईशी माझी ओळख होईना. मला तळेगावच्या शाळेत बदली मिळाली तेव्हा आबाच म्हणाले होते, "लोनावळ्याचा फोटोवाला हाय एक, माज्या वळकीचा. त्याची खालची खोली मोकळी हाय. मानूस सरळ हाय." तशी मी चाचांकडं आले.

दोन वर्षांपूर्वी भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. भावानं लोणावळ्याचं घर आवरायला काढलं आणि माळ्यावर एक बिस्किटांचा डबा सापडला. त्यात निगेटिव्हची एक पट्टी. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आईचा भिंतीवरचा फोटो पार फिका पडलाय. या पट्टीत तोच दिसतोय. तुझ्या चाचांकडून नवीन करून आण, साखरपुड्याला हार घालून ठेवू." मला एवढा आनंद झाला की मी रजा टाकून लोणावळ्याला गेले आणि पट्टी घेऊन आले. आईचा खरा चेहरा मला मिळणार होता.

चाचांनी पट्टी खिडकीशी धरली. पांढरं दाखवा म्हणाले नाहीत. पट्टी पाकिटात घातली आणि म्हणाले, "ठेवून जा."

चार महिने! चार महिने त्या माणसानं मला झुलवत ठेवलं. आज डोळे दुखतात, उद्या हवेत दमटपणा आहे. एकदा म्हणाले, साडी आणा. आईची साडी पंचेचाळीस वर्षांनी कुठून आणू? म्हणाले, मग भिंत सांगा. क्वार्टरची भिंत, चुन्याची, नीळ घातलेली. "मग कसं होणार?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले. साखरपुडा तीन आठवड्यांवर आला तेव्हा मी वर जाऊन सरळ सांगितलं, "चाचा, आज माझ्यासमोर स्कॅन करा, नाहीतर पट्टी परत द्या. मी पुण्याला नेते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, उठले आणि पट्टी चौकटीत बसवली. यंत्राचा दिवा सरकला आणि स्क्रीनवर आधी निगेटिव्ह आलं. नारिंगी पडद्याआडून बघावं तसं, सगळं उलटं. दात काळे, केस पांढरे. आईच्या गळ्यावर, ओठाच्या कडेला आणि हाताच्या बोटांवर गडद डाग होते.

"अरेरे, बुरशी आलीय," मी म्हटलं. लोणावळ्याच्या ओलाव्यात निगेटिव्हला बुरशी येते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. "ही काढता येईल ना?"

"ही बुरशी नाही."

"मग काय आहे? काहीही असू दे, पुसून टाका. माणसाला हात लावायचा नाही हा तुमचा नियम मला माहीत आहे, पण हा डाग माणसाचा नाही ना!"

ते स्क्रीनकडंच बघत होते. "एकदा पुसलाय मी, बाई. आता परत नाही पुसणार."

मला कळेना. त्यांनी एक बटण दाबलं. उलटं सुलटं झालं. केस काळे झाले, दात पांढरे झाले आणि जे गडद होतं ते गळ्यावर, ओठावर, बोटांवर पांढरं झालं. रंग अजून हिरवट होते, पण डागाच्या कडा मला ओळखू आल्या. त्या कडा मी तीस वर्षं रोज अंघोळीच्या वेळी बघतेय.

चाचा सांगत गेले तसं मी ऐकलं. तेव्हा ते लोणावळ्यातल्या दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. रिळं धुवायला मुंबईला जायची. आबांच्या कुण्या मित्राच्या कॅमेऱ्यातला रोल धुऊन आला, मोठी प्रत निघाली. पण ती न्यायला आबा आले ते वर्षभरानं, आई गेल्यावर. प्रत हातात घेऊन ते म्हणाले, हे झाकून द्या. चाचांनी बारीक ब्रश घेतला आणि झाकून दिलं. निगेटिव्ह कुणी बघत नाही, म्हणून ते तेवढं राहिलं.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"पंधरा मिनिटं."

"तुमची पंधरा मिनिटं," मी म्हटलं, "आणि माझी तीस वर्षं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला ते बोलायला हवे होते, म्हणजे मला आणखी ओरडता आलं असतं. मी विचारलं, मग त्या दिवसापासून ब्रश सोडलात का, तुमचा तो मोठा नियम तेव्हाचा का? तर हा माणूस म्हणतो, "तसं सांगितलं तर खोटं होईल. पुढं कितीतरी वर्षं लावत होतो. धंदाच तो होता. तुम्ही खाली राहायला आलात, उन्हाळ्याच्या दिवसांत, लांब बाह्या घालून. तेव्हा सोडला."

"आणि मला सांगितलं का नाही?"

"आधी वाटलं, तुम्हाला माहीत असेल. नंतर समजलं, माहीत नाही. मग रोज वाटायचं, आता फार उशीर झाला."

सतरा वर्षं! माझ्या पडद्याच्या रंगावर, माझ्या लाल साडीवर, दारातल्या तुळशीच्या कुंडीच्या गेरूवर ज्याला बोलता आलं, त्याला एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. दुनियेला खरं पांढरं दाखवायला सांगणारा माणूस! मी जिना उतरले आणि आठ दिवस त्यांच्याकडं बघितलं नाही.

त्या रविवारी लोणावळ्याला जाऊन मी आबांपुढं उभी राहिले. आबांची आता ऐंशी उलटलीय. मी विचारलं, "आईला कोड होतं?"

त्यांनी तंबाखूची डबी मिटली. "कुनी सांगितलं?"

"फोटोनं."

मग म्हणाले, "तिला न्हाई आवडायचं ते दिसल्यालं. फोटो काढाया गेलं की पदर वढून घ्यायची. तिच्यासाटी झाकलं आमी."

"या फोटोत तिनं पदर ओढलेला नाही, आबा. पदर खांद्यावरून खाली आलाय, डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून एक हात तिनं कपाळाच्या कडेला आडवा धरलाय, आणि ती हसतेय. मी तिच्या कडेवर आहे आणि माझी मूठ तिच्या दुसऱ्या हाताच्या पांढऱ्या बोटाभोवती आहे. आत्या लोकांना सांगायची, आमच्या घरात कुणालाच नाही. तुम्ही ऐकत होतात."

"तुजं लगीन जमावं म्हनून, पोरी."

"जमलं का?"

आबा रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाला रडवलं म्हणून वाईट वाटायला हवं होतं. मला नाही वाटलं. आजही नाही वाटत.

साखरपुड्याला आठ दिवस राहिले तेव्हा मी सकाळी चाचांच्या खोलीत गेले. स्क्रीनवर आई तशीच हिरवट होती. ते दाढी वाढवून, करडा सदरा घालून स्क्रीनसमोर बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "भिंत धरली तर चेहरा पिवळा पडतो. साडी ठाऊक नाही. तुमच्या झबल्यालाही नीळ आहे. पांढरं मिळत नाही, बाई."

मी उजव्या बाहीचं बटण काढलं. बाही कोपराच्या वर दुमडली आणि हात स्क्रीनशेजारी, खिडकीच्या उजेडात धरला.

त्या घरात सतरा वर्षं राहून मी कुणासमोर बाही दुमडली नव्हती. चाचांनी चष्मा पुसला. खुर्ची पुढं ओढली आणि एखाद्या शालूकडं बघावं तसं माझ्या हाताकडं बघितलं. दया नाही, संकोच नाही. ते बघणं मला इतकं बरं वाटलं की त्यावरच पुन्हा राग आला.

"हे पांढरंसुद्धा अगदी पांढरं नसतं," ते म्हणाले. "आत किंचित गुलाबी असतं. आणि बाजूचा सावळाही लागेल. हात हलवू नका."

दोन तास मी हात धरून होते. हिरवा उतरला, मग थोडा जास्तच उतरला, मग परत आला. ते रेघ केसभर वाकवायचे, माझ्या मनगटाकडं बघायचे, परत वाकवायचे. हळूहळू आईचा गळा माझ्या मनगटाच्या रंगाचा झाला आणि तिचा गाल माझ्या कोपराच्या रंगाचा झाला. त्या दोघांच्या मागून बाकीचं सगळं आलं. साडी भिंतीवरच्या फोटोत गुलाबी दिसायची, ती वांगी रंगाची निघाली. भिंत निळसर. कपाळावर कुंकू चांगलं ठसठशीत. आई सावळी होती, हेसुद्धा मला त्या दिवशीच कळलं.

"जुळलं," चाचा म्हणाले.

मी बाही खाली केली नाही. पण त्यांना माफही केलं नाही, आणि तसं त्यांना सांगितलंही. त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाले.

भावाला मोबाइलवर फोटो पाठवला तर लगेच फोन. "ताई, अगं, मुलाकडचे येणार आहेत. जुनाच आणू या ना. उगाच लोकांना शंका." मी म्हटलं, जुना फोटो आईचा नाही. आणि फोन ठेवला.

साखरपुडा लोणावळ्यात, एका कार्यालयात. मी आखूड बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला होता. चाचांनाही बोलावलं होतं. ते करडा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले. मी टेबलावर फोटो ठेवला, हार घातला आणि मुलीकडं बघायला आत गेले. परत आले तर हार वर सरकलेला. झेंडूची फुलं बरोबर गळ्यावर आणि ओठाच्या कडेपर्यंत. शेजारी आत्या. पंच्याऐंशी वर्षांची आत्या दोन्ही हातांनी हार नीट करत होती. दुसऱ्यांदा झाकत होते माझ्या आईला, आणि तेही फुलांनी.

मी हार काढून घेतला.

"आगं, मेल्या मानसाच्या फोटोला हार नगं का?" आत्या म्हणाली.

"नको."

"लोक बगत्यात."

"बघू देत."

तेवढ्यात चाचा काठी टेकत पुढं आले. मला वाटलं, आता हे काहीतरी मोठं बोलणार. ते वाकले, फोटोकडं बघितलं, छताकडं बघितलं आणि वैतागून म्हणाले, "इथला दिवा पिवळा आहे. कुणी ठेवला इथं?" मग त्यांनी फ्रेम उचलली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि खिडकीकडं तोंड करून ठेवली. बोटभर डावीकडं सरकवली. "आता बघा," आत्याला म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

आत्या बघत राहिली. एकदा फोटोकडं, एकदा माझ्या उघड्या हाताकडं, परत फोटोकडं.

"आशीच दिसायची गं वहिनी," ती म्हणाली. "आगदी आशीच."

"हे तू मला एकोणिसाव्या वर्षी सांगायचं होतंस," मी म्हटलं, आणि हार पिशवीत भरला.